त्सु-काराचा पाट

एका राज्यात गाणी पाटावर बसत असत. परक्याला याचं नवल वाटे, तिथल्या लोकांना वाटत नसे. वर्षातून एकदा तिथे अक्षरोत्सव भरे. त्या दिवशी राजाने स्वतः दाराशी उभं राहून एकेका अक्षराची गाणी बोलवायची, 'क'ची या, 'ग'ची या, 'म'ची या, अशी. प्रत्येक अक्षराला वेगळा पाट, पाटाभोवती रांगोळी आणि वर चिमूटभर अक्षता. गाणी डोळ्यांना दिसत नसत, पण बसली की पाट जरासा दबे. 'म'चा पाट तर दरवर्षी करकरे, इतकं त्याच्या गाण्यांचं खटलं मोठं.

त्या राज्याचा राजा अरिंदम शूर होता, देखणा होता आणि गळ्याने पार बेसूर होता. त्याची राणी मिओ समुद्रापलीकडच्या बेटावरून आली होती, जिथे सूर्य आधी उगवतो. माहेरून येताना तिने तीन गाणी आणली होती. चंद्राचं त्सुकी, दवाचं त्सुयू आणि सारस पक्ष्याचं त्सुरू. लहानपणापासून ती याच गाण्यांवर वाढली होती. ती गाऊ लागली की चंद्र घटकाभर प्राजक्ताच्या फांदीवर येऊन बसे, आणि माळी त्याला हटकत नसे.

लग्नानंतरचा पहिला अक्षरोत्सव आला. सुमंतक मंत्री राजाच्या कानाशी लागला.

"महाराज, 'त्सु' हे अक्षर आपल्या मुळाक्षरांत नाही. त्याला पाट कुठला मांडायचा?"

राजाने दरबाराकडे पाहिलं. राणीच्या माहेरचं फार कौतुक केलं तर लोक आपल्याला बायकोच्या मुठीतला म्हणतील, असं त्याला वाटलं. वाघाला न भिणारा माणूस चार लोकांच्या हसण्याला भ्याला. तो म्हणाला, "'च'च्या पाटावर सामावून घ्या. जरा सरकून बसतील."

'च'ची गाणी कसली सरकतात! त्सु-काराची गाणी पाटाच्या कडेला अर्धी टेकली, अर्धी लोंबकळली, आणि अक्षता पडायच्या आत उठून चालती झाली. लग्नात विहीण रुसते ना, अगदी तशी. सीमेवर धूम्रकेश मांत्रिक टपूनच बसला होता. "माझ्याकडे सोन्याचे पाट आहेत," असं म्हणून तो त्यांना आपल्या डोंगरात घेऊन गेला.

इकडे राणीची वाचाच गेली. चंद्र उगवेनासा झाला, गवतावर दव पडेना, आणि राणीच्या दंडावर पांढरी पिसं फुटू लागली. ती शेल्याने झाकायची, पण राजाला दिसायचं ते दिसलं.

राणीची साळुंकी बोलणारी होती, शिवाय फटकळही. ती म्हणाली, "महाराज, पिसं मानेपर्यंत आली की राणीसाहेब सारस होऊन पूर्वेला उडून जातील. गाणी धूम्रकेशाच्या डोंगरात आहेत, ती परत आणा."

राजाचं काळीज हललं. त्याने घोडा मागवला, साळुंकीला खांद्यावर घेतलं आणि एकटाच निघाला.

डोंगराच्या दाराशी दगडी वाघ आडवा बसला होता. आतून धूम्रकेश म्हणाला, "राजा, तीन गोष्टी कर. माझ्या वाघाला उठव. माझ्या खजिन्यातून मोकळा बाहेर ये. आणि गाणी स्वतःहून उठली तरच त्यांना घेऊन जा."

"वाघ कशाने उठतो?" राजाने विचारलं.

"गाण्याने," साळुंकी म्हणाली, आणि तिने डोकं पंखात खुपसलं.

राजाने डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला वाघाने कानांवर पंजे घेतले. तिसऱ्या ओळीला तो उठला आणि खालच्या ओढ्यापलीकडे जाऊन बसला.

आत सोन्याचं दालन होतं. जागोजाग सोन्याचे पाट आणि त्यांवर सोन्याची माणसं. जो बसला तो चिकटला, असा त्या खजिन्याला शाप होता. धूम्रकेशाने गोड आवाजात म्हटलं, "दमला असाल. बसा, महाराज."

राजाचे पाय खरोखरच दुखत होते. पण तो म्हणाला, "माझे पाहुणे रुसून आलेत. पाहुण्यांचं झाल्याशिवाय यजमान बसत नाही, अशी आमच्याकडे रीत आहे."

धूम्रकेशाचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. राजा उभ्याउभ्याच पुढे गेला. टोकाच्या तीन पाटांवर गाणी चिकटून बसली होती.

त्सुकी म्हणालं, "आता का आलास?"

"चुकलो, म्हणून आलो," राजा म्हणाला. "पाट कमी नव्हते. मलाच लाज वाटली. तिची माणसं आपली म्हणायला मी भ्यालो."

त्सुयू म्हणालं, "इथे आम्हाला कुणी गात नाही. पण तिथे आम्ही बसायचं कुठे?"

राजाने क्षणभरही विचार केला नाही. "माझ्या जागेवर."

गाणी आपणहून उठली, आणि सोन्याच्या पाटांनी त्यांना सोडलं. त्याच क्षणी बाकीची सोन्याची माणसंही आळस देत उठली आणि आपापल्या घरची वाट विचारू लागली. धूम्रकेश त्यांना अडवायला धावला आणि अडखळून आपल्याच पाटावर बसला. तो तिथेच आहे.

राजा परतला तेव्हा राणीची पिसं खांद्यांपर्यंत आली होती आणि ती गच्चीच्या कठड्यावर पूर्वेकडे तोंड करून उभी होती. त्याने खालूनच हाक मारली, "मिओ, जाऊ नकोस. तुझी माणसं आली आहेत."

ती वळली, पण उतरली नाही.

राजाने दरबाराचे दरवाजे उघडायला लावले. दाराशी उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने पुकारलं, "त्सु-काराची गाणी, या!" मग सिंहासनावर स्वतःच्या हाताने अक्षता वाहिल्या आणि आपण खाली जमिनीवर मांडी घालून बसला. कोपऱ्यात कुणीतरी हसलं. राजाने त्याला हसू दिलं.

सिंहासन हळूच दबलं.

गच्चीवरून पिसं गळत गळत जिन्याने खाली आली, आणि त्यांच्यामागून राणी. चंद्र उगवला. बाहेरच्या गवतावर दव पडायला लागलं. सुमंतक मंत्री घाईघाईने सुताराला नवा पाट सांगायला पळाला. त्या पाटाचा मान आजही त्या राज्यात पहिला असतो.

राणीने भरलेला दरबार पाहिला, सिंहासन पाहिलं, जमिनीवर बसलेला नवरा पाहिला. मग ती त्याच्याजवळ आली आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

"थोडं सरका," ती म्हणाली.

आणि राजा सरकला.