रंगपेटी आणि मानी बटण

संगणकांचे पडदे नुकतेच रंगीत झाले होते, तेव्हाची गोष्ट. भागीरथीबाईंच्या संगणकातल्या लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये बरीच बटणं राहायची. जे ते आपल्या अक्षरांचा रंग आपल्याच खिशात बाळगायचं.

एकदा तिथं रंगपेटी आली. म्हणाली, "रंग माझ्याकडे ठेवा, लागेल तेव्हा मला विचारा. बाईंची आवड बदलली, की मी एकटी बदलेन आणि तुम्ही सगळी शोभाल."

सगळ्यांनी रंग दिले. 'जतन करा' मात्र फणकारलं, "इथलं सगळ्यात कामाचं बटण मी! माझ्या अक्षरांचा काळा रंग दुसऱ्याच्या दारात ठेवू?"

एके दिवशी बाई नातीच्या लग्नासाठी मंगलाष्टकं रचत होत्या. पांढऱ्या पडद्यानं डोळे दुखले, म्हणून त्यांनी काळा पडदा निवडला. बाकीच्यांनी पेटीला विचारून झटकन पांढरी अक्षरं घेतली. 'जतन करा' काळ्यावर काळंच राहिलं.

मंगलाष्टकं पुरी झाली. बाई बटण शोधू लागल्या.

"अहो बाई, मी इथंच आहे!" ते जिवाच्या आकांतानं ओरडलं.

बाईंना शेजारचं 'बंद करा' तेवढं दिसलं. 'यानंच लिहिलेलं जपून राहत असेल,' म्हणत त्यांनी ते दाबलं, आणि सगळं गेलं.

डोळे पुसून बाई पुन्हा लिहायला बसल्या. पहिली ओळ उमटायच्या आत 'जतन करा' पेटीच्या दारात उभं होतं.

"पेटीमावशी, आज कोणता रंग?"