भीमक्याचा गोळा

फार जुनी गोष्ट, गायरानावर गुरांपेक्षा शेणकिडेच जास्त होते तेव्हाची. दरवर्षी शेणाचे गोळे टेकडीवर ढकलत न्यायची शर्यत लागे. पहिला यायचा भीमक्या आणि त्याच्यामागून धापा टाकत झिपरी. पूर्वी सगळे डोक्याने गोळा ढकलायचे. मागच्या पायांनी ढकलायची युक्ती भीमक्याची. झिपरीही ती त्याच्याकडूनच शिकली होती.

जिंकलेल्याचा गोळा सगळ्यांनी प्रसाद म्हणून खायचा, अशी रीत होती. यंदाही भीमक्याच जिंकला. सगळे त्याचा गोळा फोडू लागताच तो म्हणाला, "राहू द्या की या वर्षी!" पण ऐकतो कोण?

प्रसाद पोटात गेला मात्र, सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं. एरवी बिळाबाहेर न पडणारा म्हातारा रखमाजी टेकडी उतरून पुन्हा चढला.

"अरे, यात वारवेलीचा चीक आहे!" तो ओरडला. शर्यतीत त्या चिकाला बंदी होती.

भीमक्याने कबूल केलं. दरवर्षी तो झुडपाआड चाटून यायचा. यंदा टेकडी झेपेना, म्हणून वाटेत चाटायला गोळ्यात लपवला आणि नेमकी प्रसादाची रीतच विसरला.

"म्हणजे इतकी वर्षं पहिली मीच!" झिपरी भडकली. "त्याची युक्तीसुद्धा नको मला!" तिने तावातावाने आपला गोळा डोक्याने चढावर ढकलला. तो घरंगळून तिच्याच अंगावर आला. गोळ्याखालून तिचा आवाज आला, "नंबर माझे. युक्ती राहू दे."

पुढच्या वर्षी झिपरी पहिली आली, चीक न चाटलेला भीमक्या पाचवा. तिचा गोळा सगळ्यांनी आवडीने खाल्ला, पण आधी हुंगून. एकट्या भीमक्याने न हुंगताच मोठा घास घेतला.