सांडू मिस्त्री आणि भैरोबाची घंटा

घाटात गाडीरस्ताही नव्हता, तेव्हाची, फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. घाटाखाली बोरखिंड नावाचं गाव आणि गावात सांडू मिस्त्रीचं सायकलीचं दुकान. दुकान कसलं, चिंचेखाली अंथरलेलं पोतं! पण मोडकी सायकल लांबूनच त्याला आपलं दुखणं सांगायची, असं म्हणतात.

सांडूची एकुलती लेक कौतिका वरच्या वाडीला दिली होती. एके सकाळी तिचा दीर धापा टाकत खाली आला. कौतिका अडली होती, मूल आडवं होतं. सुईण ठकूबाई असली बाळंतपणं सोडवण्यात पटाईत, पण एका पायाने अधू. घाट चालून चढणं तिला जमत नसे. दांड्यावरून पाय टाकता येत नसे, म्हणून बिनदांड्याच्या एका जुन्या विलायती सायकलवरून ती गावोगाव फिरायची. नेमके त्याच सायकलच्या पायडलजवळच्या चक्राचे दात झिजून गेलेले. साखळी टिकेचना.

सांडूच्या काळजाचं पाणी झालं. पण त्याने लगेच झिजलेलं चक्र काढून बाजूला टाकलं.

गावाने आपापल्या सायकलींची चक्रं काढून आणली. "दात मोजून आणलेत, मिस्त्री! तितकेच हायेत."

"दात नगा मोजू, बोल्टाची भोकं बघा!" सांडू ओरडला. "दात कमीजास्त चालत्यात. भोकं जुळली न्हाईत तर चक्र बसंल कशावर?"

त्याने कमरेचा करदोटा तोडला, सायकलवरच्या एका भोकापासून शेजारच्या भोकापर्यंत ताणला आणि दोन्हीकडे गाठी मारल्या. आलेल्या प्रत्येक चक्राला तो दोरा लावून पाहिला. एकही जुळेना.

तेवढ्यात भैरोबाच्या देवळात घंटा वाजली. घंटा म्हणजे कुणीतरी कधीकाळी टांगलेलं जुनं चक्रच. सांडू थबकला. नुसत्या नादावरून त्याने भोकांमधलं अंतर ओळखलं, असं म्हणतात. पळत जाऊन दोरा लावला, तर गाठी बरोबर भोकांवर!

पण देवाची घंटा उतरवायची कुणी? कुणी हात लावेना. तेव्हा धोंडू गुरवच चिडला. "देव काय बहिरा हाय? काढ ती, मिस्त्री!"

त्या चक्राला दात जरा कमी होते. चढाला ते बरंच. सांडूने साखळी आखूड केली, बोल्ट आवळले आणि ठकूबाईला सायकलवर बसवलं. ती घाटाला लागली ती थांबलीच नाही. वाटेतले दगड आपणहून बाजूला सरकत होते, असं म्हणतात. दिवस मावळायच्या आत नातीचं पहिलं रडणं सांडूने खाली चिंचेजवळ ऐकलं, असंही म्हणतात. इतक्या लांबून ऐकू येतं का, हे विचारू नका. बापाला येतं.

पुढे लोक म्हणू लागले की देवानेच भोकं जुळवली. सांडू हसायचा. "माप माझंच हुतं. देवानं घंटा दिली, त्येवढं त्याचं मोठेपण."

धोंडूने देवळात पुन्हा घंटा टांगू दिली नाही. आजही बोरखिंडीच्या भैरोबाला घंटा नाही. आरतीला सगळं गाव देवळापुढे सायकली उभ्या करतं आणि त्यांच्याच घंट्या वाजवतं. पहिली घंटा वाजवायचा मान मात्र, ज्याची लेक नुकतीच सुखरूप बाळंत झाली, त्या बापाचा.