महिपतीच्या न बांधलेल्या गाठी

तुमच्या-आमच्या पणजोबांचे पणजोबाही जन्मले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात एक आमराईंचं गाव होतं. घरं कमी आणि आंब्याची झाडं जास्त. उन्हाळ्यात पाहुणा आला तर त्याच्या हातात पाण्याच्या आधी आंबा पडायचा, बोला!

तिथला राजा भला होता. सहा पाट्या आंबे पिकले तर त्यातली एक पाटी तो घ्यायचा, आणि त्यातून विहिरी, रस्ते, धर्मशाळा बांधायचा. त्याची अट एकच होती. नारळी पौर्णिमेला सूर्य मावळायच्या आत प्रत्येक बागवाल्यानं चावडीवर येऊन वर्दी द्यायची. यंदा किती पिकलं आणि किती बुडालं, ते खरं खरं सांगायचं.

चावडीत प्रत्येक घराच्या नावाची एक दोरी टांगलेली असे. ज्याचं पीक बुडालं, त्याच्या दोरीला म्हातारा कारकून गाठी बांधायचा. दहा पाट्या बुडाल्या, तर दहा गाठी. पुढच्या वर्षी राजाचा हिस्सा न्यायची वेळ आली, की एका गाठीमागे एक पाटी माफ. आहे की नाही शहाणा राजा?

या गावात महिपती नावाचा एक बागवाला राहत होता. माणूस मोठा गोड. हसरा, बोलका, कुणाच्याही मदतीला धावणारा. पण आजचं काम आज करायचं म्हटलं, की त्याच्या अंगावर काटा यायचा.

एका वर्षी ऐन मोहरात गारपीट झाली. महिपतीच्या बागेतला सगळा मोहर मातीत गेला. शेजारच्या गोजराआजीच्या बागेचीही तीच गत झाली. त्या उन्हाळ्यात गावानं चिंचेवर भागवलं.

नारळी पौर्णिमा आली. महिपतीची बायको साळू म्हणाली, "अहो, उठा. वर्दी द्यायला जायचंय ना?"

"अगं, झाडाला आंबा नाही, राजाला द्यायला पाटी नाही. मग चावडीवर जाऊन काय नुसतं तोंड दाखवू?"

"बुडालं, तेच तर सांगायचं असतं."

"सांगू की! नुकसान काय कुठं पळून जातंय?" असं म्हणून महिपतीनं तीन वाट्या नारळीभात चापला आणि घोंगडीवर ताणून दिली.

तेवढ्यात दारात गोजराआजी आली. तिचा पाय मुरगळला होता, हातात काठी होती आणि वर पाऊस लागला होता. तिनं बाहेरूनच हाक मारली, "महिपती, येतोस का रे चावडीवर? तेवढाच मला आधार!"

"तू हो पुढं, आजी. मी आलोच!"

आजी लंगडत लंगडत गेली आणि वर्दी देऊन आली. महिपतीचं 'आलोच' मात्र नऊ दिवसांनी उगवलं.

कारकुनानं त्याची वर्दी ऐकून घेतली आणि म्हणाला, "उशीर झाला, महिपतीदादा. दंड पाच नारळ."

"एवढाच ना? हे घ्या!"

"आणि तुमच्या गाठी आता बांधता येणार नाहीत. त्या वेळेत येणाऱ्यालाच."

"राहू द्या हो! गाठींनी का कुणाचं पोट भरतं?" महिपती हसत हसत घरी आला. "बघ साळू, पाच नारळांत भागलं. उगाच माझा जीव खात होतीस!"

साळूनं कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या वर्षी झाडं अशी लगडली, की फांद्यांना टेकू द्यावे लागले. त्यात महिपतीच्या मैनाचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक! महिपतीनं भर पंचायतीत जाहीर केलं, "माझ्या मैनाच्या लग्नात वऱ्हाडानं आणि गावानं आमरस खायचा, तो नको नको म्हणेपर्यंत!"

आचाऱ्यानं हिशेब सांगितला, एकशेवीस पाट्या लागतील. आढीत आंबेही बरोबर एकशेवीस पाट्या होते. महिपती आनंदानं नाचायचाच बाकी राहिला.

लग्नाला चार दिवस उरले होते. सकाळीच राजाची बैलगाडी दारात उभी राहिली. कारकून खाली उतरला. "महिपतीदादा, राजाच्या वीस पाट्या."

महिपतीच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, गेल्या साली माझी सगळी बाग बुडाली की! शंभर पाट्यांचं नुकसान झालं!"

"झालं खरं. पण दोरीला एकही गाठ नाही."

"आपली एवढी ओळख! रोज तुम्हाला रामराम घालतो मी."

"रामराम रोज पोचतो," कारकून म्हणाला. "वर्दी तेवढी पोचली नाही. गोजराआजी दुखऱ्या पायानं पावसात आली होती. आज तुम्हाला सूट दिली, तर तिनं एवढी पायपीट कशाला केली म्हणायची?"

वीस पाट्या गाडीत चढल्या. गाडी शेजारच्या दारात थांबली. आजीच्या तीस पाट्यांवर राजाच्या पाच होत होत्या. कारकुनानं पाच गाठी सोडल्या आणि पाटीला हातही न लावता पुढं गेला.

महिपती ओट्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. "सगळ्या गावासमोर शब्द दिला मी! आता माझी मैना सासरी मान खाली घालून जाणार."

साळू त्याला रागावली नाही. रागवायची वेळ नव्हती ती. तेवढ्यात गोजराआजी आली आणि म्हणाली, "उठ रे मेल्या! या पाच पाट्या घे. राजानं मला सोडल्या, त्या मी मैनाला दिल्या."

तरी पंधरा पाट्या कमीच पडत होत्या. मग साळूनं पदर खोचला. "वऱ्हाडाला हवा तेवढा रस. गावाला एकेक वाटी, गाव समजून घेईल. आणि घरच्यांना थेंबही नाही!"

लग्न थाटात लागलं. सनई वाजली, पंगती बसल्या. वऱ्हाडानं हात चाटून चाटून रस खाल्ला. गावानं एकेक वाटी खाल्ली आणि कुणी चकार शब्द काढला नाही. महिपती घामाघूम होऊन वाढत होता आणि त्याच्या नाकात सगळा आमरसाचा वास भरला होता.

मैनानं विचारलं, "आबा, तुमची वाटी कुठाय?"

महिपतीनं सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं सांगितलं, "माझी वाटी राजाच्या गाडीतून गेली, पोरी! गेल्या साली वर्दीच्या दिवशी तुझा बाप नारळीभात खाऊन घोरत पडला होता!"

पंगतीत असा हशा पिकला, की व्याह्यांना ठसका लागला. पाणी पिऊन ते म्हणाले, "व्याहीबुवा, आमचीही वर्दी दोन वर्षं राहिलीय हो. घरी गेल्यावर आधी तेच काम करतो!"

मैना मात्र हसता हसता उठली. तिनं आपली वाटी बापाच्या ओठांना लावली. तो एक घोट घेताना महिपतीच्या डोळ्यांना धार लागली. इतका गोड रस त्यानं जन्मात चाखला नव्हता, आणि लेकीच्या वाटणीचा रस प्यायल्याची इतकी लाजही त्याला कधी वाटली नव्हती.

त्यानंतर पीक तरो की बुडो, नारळी पौर्णिमेला वर्दी दिल्याशिवाय महिपती ताटावर बसला नाही.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आई-बापांनो, ध्यानात ठेवा: देण्यासारखं काही नसलं तरी सांगायचं ते वेळेवर सांगावं, उशिराचा दंड लहान असतो, पण उशिरानं हातचं जातं ते फार मोठं असतं.