रोहकाची साद

फार पूर्वी काशीच्या गादीवर कुणीतरी राजा होता. या गोष्टीत त्याचं काही काम नाही. तेव्हा बोधिसत्त्व रोहक नावाच्या गुरांच्या मालकाकडे, म्हशीच्या पोटी रेडकू होऊन जन्माला आले.

रोहकाकडे म्हशींचा मोठा कळप, पण जीव सगळा शिकारीत. मिसरूड फुटल्यापासून तो रान तुडवायचा. बायको म्हणायची, पुढच्या जन्मी झाडावरच जन्माला या, मचाण बांधायचा त्रास वाचेल. वाघ हवा असला की तो एक रेडकू झाडाखाली बांधायचा. आईपासून तोडलेलं रेडकू ओरडतं, ते ऐकून वाघ येतो, आणि वरून बाण सुटतो. बहुतेकदा तोवर रेडकू गेलेलं असायचं.

एक दिवस पाळी बोधिसत्त्वांची आली. ऊन कललं तरी ते गप्पच.

"ओरड की लेका," रोहक वरून कुजबुजला. "घरी तर कान किटवतोस."

ते ओरडले नाहीत. वैतागून रोहकानंच तोंडाला हात लावून रेडकाची साद घातली. जन्म म्हशींत गेलेला, हुबेहूब जमली. मोर गप्प झाले. माकडं गप्प झाली. वारा अंगाला लागत होता, पण पान हलत नव्हतं.

गवतातून वाघ आला. रेडकाला घासून पुढे गेला, जणू तिथं कुणी नव्हतंच. झाडाखाली थांबून त्यानं वर पाहिलं. रोहकाच्या हातून धनुष्य निसटलं. वाघाला हाकलायला त्यानं तोंड उघडलं, तर पुन्हा रेडकाचाच आवाज निघाला. आता तो थांबेना. वाघ झाडावर चढायला लागला.

बोधिसत्त्वांनी नुसतं गप्प राहायचं होतं. जीव वाचत होता.

ते ओरडले.

वाघ खाली उतरला. "तुला बांधलं त्यानं," तो म्हणाला.

"हो. पण माझी आई त्याच्या गोठ्यात आहे. तो गेला तर तिला पाण्यावर कोण नेणार? तू मला घे."

वाघानं त्यांची मान हुंगली. बराच वेळ हुंगली. मग तो गवतात शिरला, आणि गवत हललं नाही.

रोहकानं उतरून दावं सोडलं. "चल बाळा," असा आपलाच आवाज ऐकून तो दचकला. मग रेडकाच्या मागून चालत घरी गेला. पुन्हा त्याच्या गोठ्यातलं एकही रेडकू रानात बांधलं गेलं नाही.

एवढं सांगून भगवान म्हणाले, "तेव्हाचा रोहक म्हणजे शिकारीच्या गप्पांनी विहाराला वैताग आणणारा हा भिक्षू सोणक. वाघ म्हणजे रोज त्याच्या शेजारी बसून मुकाट जेवणारा रक्षित. रेडकू मी होतो. ज्यानं बांधलं त्याच्यासाठी ओरडणं, याला करुणा म्हणतात."