तीन तव्यांचा नांगर

फार मागची गोष्ट आहे, निवांत ऐका. त्या दिवशी सकाळपासून वारा पडला होता. ऊन असं, की बांधावरची बाभूळसुद्धा सावली आखडून उभी होती.

अशा उन्हात रायबा पडीक माळावर आला. त्याला स्वतःची वीतभर जमीन नव्हती. गावाने शब्द दिला होता, की आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत जो हा माळ नांगरील, त्यानेच तो कसावा. नाहीतर माळ गुरांना चरायला सोडायचा. आणि आखिती उद्यावर आली होती.

माळ बैलांना दाद देत नव्हता. म्हणून गावाने आपला ट्रॅक्टर दिला, आणि चावडीमागे पडलेला जुना नांगर दिला. त्याला फाळ नव्हता. फाळाच्या जागी लोखंडाचे तीन मोठे, खोलगट तवे.

रायबाला ट्रॅक्टर चालवता येत होता. नांगर मात्र बैलांचाच ठाऊक. त्याने एका तव्याला हात लावला, तर तवा गरकन फिरला.

"अरेच्चा, हे तर सगळं ढिलं झालंय!"

वडिलांनी शिकवलं होतं, फाळ हलला की नांगऱ्याची अब्रू हलली. त्याने पाना घेऊन नट आवळले. दोन तवे गच्च बसले. तिसऱ्याचा नट गंजलेला, तो काही केल्या सरकेना.

"राहू दे एक बिघडलेला," रायबा म्हणाला.

ट्रॅक्टर निघाला. धूर निघाला. माती काही म्हणावी तशी निघेना.

शेजारच्या रानात ठकूबाई काटक्या वेचत होती. ती ओरडली, "रायबा, नांगरतोयस का माळाचा भांग पाडतोयस?"

"वजन कमी पडतंय, मावशी!" म्हणत त्याने नांगरावर धोंडे रचले. ट्रॅक्टर जागीच कण्हायला लागला.

"आता धोंड्यांना गाव दाखवून आण!"

रायबा रागावला नाही. खाली उतरला आणि मागे वळून जमिनीकडे बघत बसला. दोन तव्यांमागे नुसते ओरखडे होते. तिसऱ्यामागे मात्र ओल्या मातीचा खोल चर, नांगराचं खरं तास पडलं होतं. ज्याला बिघडलेला म्हटलं, तोच एकटा राबत होता!

"फिरतोय म्हणूनच कापतोय की रे हा," तो स्वतःशी म्हणाला.

त्याने धोंडे उतरवले, नट सैल केले, वंगण घातलं. मग ट्रॅक्टर सावकाश हाकला. तिन्ही तवे फिरू लागले, माती कुशीवर वळू लागली. वाटेत दगड आला तर तवा त्यावरून अलगद चढून जाई. दिवस मावळायच्या आत माळ काळाभोर झाला.

आखितीला पंच आले. त्यांनी तासात हात घालून बघितला आणि माळ रायबाच्या हवाली केला.

ठकूबाई ताकाचा तांब्या घेऊन आली. म्हणाली, "घे, पी. आणि ध्यानात ठेव लेका, नव्या अवजाराला आपली सवय लावू नये. आधी त्याची चाल शिकावी."