दोन गाद्यांचा लांडगा

त्या राज्यात माळ धाकट्या गादीचा होता आणि माळावर फिरणारा लांडगा थोरल्या गादीचा. गवत, पाणवठे, मेंढ्या आणि मेंढ्यांची गाऱ्हाणी धाकटीकडे. सुळे असलेलं जे काही असेल ते थोरलीकडे. ही वाटणी कधी झाली हे कुणाला आठवत नव्हतं. लांडग्याने मेंढीचा गळा धरला की त्या घटकेला ती दोघं कुणाच्या अखत्यारीत येतात, एवढं मात्र वाटणी करणाऱ्यांनी लिहायचं राहून गेलं होतं.

बरीच वर्षं त्यावाचून कुणाचं अडलं नाही. ओढ्यापलीकडे एका लांडगिणीची टोळी राहत असे. ती हरणांवर जगे, स्वतः ओढा ओलांडत नसे आणि परक्या टोळ्यांनाही ओलांडू देत नसे. हिवाळ्याच्या शेवटी एखादी थकलेली मेंढी कळपामागे राहिली, तर तेवढी ती घेई. मेंढ्या त्याला तिचा वाटा म्हणत आणि त्यावर वाद घालत नसत.

मग कुठूनसा थोटा आला. त्याला पुढचा डावा पंजा नव्हता. तीन पायांनी हरीण सापडत नाही, कोकरू सापडतं. भोरी नावाच्या मेंढीचं गेल्या वेताचं एक आणि या वेताच्या जुळ्यातलं एक, अशी दोन त्याने नेली. उरलेल्या एकाला भोरीने काट्यांच्या कुंपणाआड ठेवलं. ते तिथेच वाळका पाला चघळत वाढू लागलं. दोन महिन्यांचं झालं तरी ते धावायला शिकलं नव्हतं, आणि हे पाहताना भोरीला लांडग्याइतकाच स्वतःचाही राग येई.

ती धाकट्या गादीच्या कचेरीत गेली. तिथे कारभारी घोरपड होती. घोरपडीने सगळं ऐकून घेतलं, हळहळली, डोळेही पुसले. पण लांडगा आपल्याकडे येत नाही म्हणाली. मग भोरी चार दिवस चालून थोरल्या गादीकडे गेली. तिथल्या बगळ्याने एका पायावर उभं राहून, डोळे मिटून तिचं म्हणणं ऐकलं. लांडगे थोडे उरलेत, त्यांतल्या एकालाही धक्का लावता येणार नाही, आणि कोकरू हा धाकट्या गादीचा विषय आहे, असं त्याने सांगितलं. भोरीने पंजाची खूण सांगून पाहिली. दप्तरात लांडगा एवढीच नोंद असते, पायांची वेगळी नसते, असं उत्तर मिळालं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी ती परत आली.

बगळ्याचं उत्तर घोरपडीला भलतंच झोंबलं. कोकरं गेली तेव्हा ती नुसती हळहळली होती. आता तिचा मान गेला होता. तिने दवंडी पिटवली की माळावरचा लांडगा दिसेल तिथे मारावा, जो मारणार नाही त्याचं गवत बंद. आठ दिवसांत थोरल्या गादीची दवंडी आली की लांडग्याच्या केसाला जो धक्का लावेल त्याची शिंगं कापली जातील. दोन्ही हुकूम पाणवठ्यावरच्या एकाच बाभळीला डकवले गेले. पाच एडक्यांनी मिळून थोट्याला कोपऱ्यात गाठायचं ठरवलं होतं. ते बाभळीखाली उभे राहून दोन्ही हुकूम वाचत राहिले आणि मग चरायला गेले. थोट्याला वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्याचं काही अडलं नाही.

घोंगडं असं तीन महिने भिजत पडलं. घोरपडीची पत्रं जात, बगळ्याची येत. सीमेचा दगड नेमका कुठे, ओढ्याचं पात्र कुणाचं, लांडग्याचे पुढचे पाय माळावर आणि मागचे ओढ्यात असतील तर काय, यावर मोठमोठी माणसं घसा बसेपर्यंत बोलावीत, तसे दोन्हीकडचे शहाणे बोलत होते. तेवढ्या काळात आणखी अकरा कोकरं गेली. त्यांच्यावर एकही पत्र नव्हतं.

शेवटी दोघेही लवाजम्यासह माळावर आले. भोरीला पुढे उभं केलं. इतक्या दिवसांचं साचलेलं तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"समदे मारा, आसं म्या कवाच म्हनले न्हाई. समदे राखा, आसंबी न्हाई. त्यो एकच. म्होरला डावा पंजा न्हाई त्याला. माळावरचं शेंबडं कोकरूबी त्याला वळखतंय, मंग तुमास्नी का वळखू येत न्हाई?"

दोघांनीही ते टिपून घेतलं. घोरपडीने लिहिलं 'एक'. बगळ्याने लिहिलं 'लांडगा'. मग तडजोड झाली: दोन्हीकडच्या शिपायांनी मिळून एक लांडगा मारायचा, आणि श्रेय एकट्याच्या पदरात पडू नये म्हणून कातडं उभं चिरून अर्धं अर्धं न्यायचं.

तिसऱ्या दिवशी नगारे वाजले. काम झालं होतं. भोरीने कुंपणाची काटी तोंडाने ओढून बाजूला टाकली. कोकरू बाहेर आलं, दोनदा पडलं आणि तिसऱ्यांदा धावलं. ते दिवसभर धावतच होतं. भोरीला हसू येत होतं आणि रडूही. लगेच निरोप आला की तक्रार मिटवायची तर तक्रारदाराने दोन्हीकडे हजर राहून खूर उमटवावा. कोकराला शेजारणीच्या नजरेखाली चरायला सोडून ती निघाली.

धाकट्या गादीच्या वेशीवर उजवी बाजू टांगली होती. झेंडूच्या माळांनी ती पार झाकून गेली होती. खाली पुढचा एक आणि मागचा एक पंजा तेवढा दिसत होता. उजवे दोन्ही थोट्याला होतेच. भोरीने समाधानाने खूर उमटवला. घोरपडीने तिला मिठाचा खडा दिला. तो चाटत ती पुढचे चार दिवस चालली, आणि वाटेत पहिल्यांदाच तिच्या मनात दोन्ही गाद्यांबद्दल वाईट काही नव्हतं.

थोरल्या गादीकडे माळा घालायची पद्धत नव्हती. वेशीवर डावी बाजू उघडीच टांगली होती. पोटाच्या कडेला आचळांची ओळ सुकून गेली होती. मागचा पंजा वाऱ्यावर हलत होता आणि त्याच्या शेजारी पुढचा पंजा हलत होता, पाचही नखं शाबूत.

बगळ्याने शाईची वाटी पुढे सरकवली आणि खूर कुठे उमटवायचा ती जागा चोचीने दाखवली. माळ तिथून चार दिवसांवर होता.